माळ्यावरचे दप्तर

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या देवळात प्रथम मान वर करून शिखर पाहतो, मग नंदीपुढे उभा राहतो, आणि कोणी जाणत्याने सांगितलेच तर प्राकाराच्या नैर्ऋत्य भागातील भिंतीकडे वळतो. तेथे दगडावर मराठी मजकूर कोरलेला आहे, आणि तो ओळीमागून ओळ, शिळेमागून शिळा असा पुढे चालतच राहतो. भोसले कुळाचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजी राजाने १८०३ साली कोरविला. जगातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तमिळ देशाच्या ऐन मध्यावर, चोळांनी बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर, एका मराठी घराण्याने आपल्या वाडवडिलांची नावे लिहून ठेवावीत हे पाहून आपला ऊर भरून येतो, आणि ते साहजिकही आहे.

परंतु त्या भिंतीपुढे उभे असताना माझे लक्ष १८०३ ह्या सालाकडे गेले. १७९९ साली झालेल्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला होता. राजाकडे किल्ला राहिला, मानमरातब राहिला, ग्रंथ राहिले. सत्ता राहिली नव्हती. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी त्याने कुळाची हकीकत दगडावर घातली. राज्य भरभराटीत असते तेव्हा इतिहास लिहून ठेवण्याची निकड भासत नाही. आपल्यामागे आपली ओळख सांगणारे कोणी उरेल की नाही, अशी शंका मनात आली म्हणजे माणूस टाकी हातात घेतो.

राजाला देवळाची भिंत मिळाली. तुमच्याआमच्या घराण्याला भिंत कोठून मिळणार? आपली बखर पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या रजयांच्या खाली पडलेली असते. अशाच एका ट्रंकेची गोष्ट आज मला आपल्याला सांगायची आहे.

सरकारी कामाच्या निमित्ताने काही काळ माझा मुक्काम तंजावरला होता. तेथील राजवाड्याच्या पश्चिमेस मेल वीदी नावाचा रस्ता आहे. त्या बाजूच्या एका गल्लीत एका मराठी कुटुंबाशी माझा परिचय झाला. घराचे मालक निवृत्त शिक्षक होते, वय सत्तरीच्या पुढे. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याच घरी राहत असे. तिला सारी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. मी पुण्याकडचा, शुद्ध मराठी बोलणारा म्हणून माझे स्वागत झाले. आणि पहिल्याच भेटीत ध्यानात आले की शुद्धाशुद्धाचा हा माझा अहंकार तेथे उपयोगाचा नाही. त्यांची मराठी आमच्याहून कमी नव्हती, जुनी होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागून जी माणसे कावेरीच्या काठी आली, त्यांच्या बोलीचा धागा त्यांनी तोडला नव्हता. त्यात तमिळ शब्द मात्र मोकळेपणाने ओवले होते. ही देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे. तमिळ घरातील कोसुमल्लीत आपली कोशिंबीर ओळखू येते, आणि तेथील पिट्लै हे आपल्या पिठल्याचेच नाव घेऊन तेथे स्थिरावले, असे म्हणतात.

एके दिवशी शिक्षकांनी माळ्यावरून ट्रंक उतरविली. तीत व्हिडिओ कॅसेटी होत्या, सात. प्रत्येकीवर चिठ्ठी होती : कोठे मुंज, कोठे षष्ट्यब्दपूर्ती, कोठे नुसतेच ‘दिवाळी’; आणि एकीवर ‘कल्याणम्, १९८८’. मराठी घरातल्या लग्नाला तमिळ नाव. अमेरिकेत असलेल्या त्यांच्या पुतण्याने कळविले होते की ह्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात, म्हणजे बंगळूर, चेन्नई, मुंबई आणि परदेश असे पांगलेले सारे घर त्या पाहू शकेल. शिक्षकांच्या घरचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला होता. ‘हे काम तुम्हाला माहीत आहे काय?’ असे त्यांनी मला विचारले.

मला ते माहीत होते, आणि ज्या रीतीने माहीत झाले ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. माझ्या वडिलांच्या एकसष्टीची एक कॅसेट आमच्या घरी होती. तिच्यात त्यांनी केलेले पंधरा मिनिटांचे भाषण होते. वडील गेल्यावर ती पाहावी असे प्रत्येक दिवाळीला मनात येई आणि प्रत्येक दिवाळीला ते राहून जाई. बारा वर्षांनी एका रविवारी मी उसना व्हीसीआर आणला आणि कॅसेट न तपासता तशीच आत सरकविली. फितीवर पांढरी बुरशी होती. यंत्र दोन मिनिटे चालले, वडिलांनी ‘मंडळी’ एवढा शब्द उच्चारला, आणि फीत आत गुंतून चुरगळली. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या आळसाचा आणि त्याहून अधिक माझ्या घाईचा होता. त्या दिवशी मी ह्या विषयाचा अभ्यास सुरू केला. घर जळाल्यावर विहीर खणणे ते हेच.

ही फीत म्हणजे आहे तरी काय? अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडसारख्या चुंबकीय द्रव्याच्या सूक्ष्म कणांचा थर. आणि ते कण पट्टीला धरून ठेवणारी एक प्रकारची खळ. तीन तासांच्या कॅसेटीत अशी सुमारे अडीचशे मीटर पट्टी गुंडाळलेली असते. चित्र आणि आवाज त्या कणांच्या चुंबकीय रचनेत साठविलेला असतो. पट्टी सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी अशा मंद गतीने सरकते. पण तिच्यालगत एक तिरपे बसविलेले नळकांडे मिनिटाला दीड हजार फेरे घेत असते, आणि त्याच्यावरील शीर्षे पट्टीवर तिरप्या रेघा ओढीत किंवा वाचीत जातात. एकेका रेघेची रुंदी मिलिमीटरचा विसावा भाग. ह्यावरून कल्पना यावी की बुरशीचा एखादा ठिपका, धुळीचा एखादा कण त्या रेघांपुढे केवढा डोंगर असतो.

ही पद्धत जपानातील जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, रंगीत दूरदर्शन आले, आणि मागोमाग घरोघर नाही तरी गल्लोगल्ली व्हीसीआर आले. लग्नात फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवाला दिसू लागला. एक मुलगा डोळे दिपविणारा दिवा उंच धरून त्याच्यामागे फिरे, आणि त्या प्रकाशात वऱ्हाडी मंडळी घाम पुशीत, अवघडून हसत. त्या वेळी कोणालाही असे वाटले नाही की आपण काही नाशिवंत वस्तू विकत घेत आहोत. फोटो पिवळा पडतो, पत्र फाटते, पण कॅसेट म्हणजे कायमची, असाच समज होता.

वस्तुस्थिती उलट आहे. ती खळ हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कालांतराने काही फिती चिकट होतात. दमट जागी बुरशी धरते. तंजावरला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, पुढे मे महिन्याचे कडक ऊन, आणि माळा तर कौलांच्या लगत! ह्याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. देवळाचा दगड हजार वर्षे टिकला, सरफोजीची अक्षरे दोनशेहून अधिक वर्षे टिकली. आणि आमची कॅसेट तीस-चाळीस वर्षांतच थकली. माणसाने साधने जसजशी हुशार केली तसतशी ती अल्पायुषी होत गेली.

पण फीत शाबूत असली तरी काम भागत नाही. तिला वाचणारे यंत्र हवे. जपानातील फुनाई ह्या कंपनीने २०१६ च्या जुलैत असे यंत्र बनविणे थांबविले, आणि नवे व्हीसीआर जगात निघेनासे झाले. २०१९ साली युनेस्कोने चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा दिला, आणि तज्ज्ञांच्या मताप्रमाणे २०२५ च्या सुमारास ह्या फिती वाचण्याची सोय बहुतेक संपेल असे कळविले. ती घटका आता भरली आहे. आज जी यंत्रे चालतात ती एका मेलेल्या यंत्राचे सुटे भाग दुसऱ्याला लावून चालतात.

हे सारे मी शिक्षकांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे मोडीसारखेच की!’ मी चकित झालो. पण त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तेथे तंजावर दरबारचे मोडी कागद आहेत. कागद आहेत, शाई आहे, अक्षर आहे; पण ते अक्षर लावणारा माणूस दुर्मीळ झाला आहे. मोडी शाळांतून गेली, दोन पिढ्या लोटल्या, आणि आपल्याच आजोबांचे पत्र आपल्याला परके झाले. १९८१ साली स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्या मोडी कागदांपैकी पुष्कळांचे तमिळ अनुवाद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, म्हणून त्यांतील दरबारचा व्यवहार आज अभ्यासकांना कळतो. वाचणारे होते तोवर ते काम उरकून घेतले, ह्यातच त्याचे मोल आहे.

असो. कामाला आरंभ केला. त्याची रीत थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल. पहिली गोष्ट, कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून फीत पाहावी. पांढरे, करडे डाग दिसले तर ती चालवूच नये. ती कोरडी करून जाणत्याकडून साफ करून घ्यावी. बुरशीची एक कॅसेट यंत्राला लागली की तिच्यामागून येणाऱ्या साऱ्यांना ती लागते. दुसरी गोष्ट, कॅसेटीच्या पाठीवर प्लॅस्टिकचा एक लहानसा पापुद्रा असतो, तो मोडून टाकावा. म्हणजे चुकीचे बटण दाबले तरी जुन्यावर नवे मुद्रित होत नाही. तिसरी, यंत्राची शीर्षे वेळोवेळी साफ करावीत. चौथी, नातेवाइकांनी अमेरिकेहून पाठविलेली कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरवर बहुधा नीट दिसत नाही, कारण तेथील चित्राची पद्धत निराळी, ५२५ रेघांची. आपली ६२५ रेघांची. दोन्ही वाचणारे यंत्र त्यासाठी शोधावे लागते. आणि शेवटची, हे काम घाईने होत नाही. पुस्तक चाळता येते; फीत चाळता येत नाही. तीन तासांचे लग्न उतरवून घ्यायला तीन तासच लागतात.

सात कॅसेटींपैकी दोघींना बुरशी होती, एकीची फीत तुटली होती, एकीची पेटी तडकली होती. पेटीचे पाच स्क्रू काढून आतली रिळे चांगल्या पेटीत बसविता येतात, हे पाहून शिक्षकांना फार मौज वाटली. रोज संध्याकाळी कार्यालयातून मी त्यांच्याकडे जाई. बाहेरच्या ओट्यावर, त्याला ते तिण्णै म्हणत, कॉफी होई, आणि मग एकेक तास आम्ही १९८०-९० च्या तंजावरात काढीत असू.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा तोच आहे. पडद्यावर माणसे येत होती आणि शिक्षक त्यांची नावे सांगत होते. हा अमक्याचा मामा, रेल्वेत होता, ही कुंभकोणची, हिचा आवाज गोड, हा कोण? हा कोण बरे? ते थांबत, अक्कांना हाक मारीत, अक्का स्वयंपाकघरातून हात पुशीत येऊन नाव सांगत आणि परत जात. एका चेहऱ्याचे नाव दोघांनाही आठवेना. तो माणूस पंगतीत वाढीत होता, हसत होता, यजमानाच्या खांद्यावर हात टाकीत होता. म्हणजे घरोब्यातला होता. शिक्षक फार वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या थोरल्या बहिणीला ठाऊक असते. ती गेली.’

फीत एक, यंत्र दोन, आणि साक्षीदार तीन. घरच्या आठवणीला ह्या तिघांची गरज असते. फीत साफ करता येते, यंत्र दुरुस्त करता येते. साक्षीदाराचे सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून फिती उतरविण्याचे काम दुकानात देऊन मोकळे होऊ नये. दुकानदार चित्र परत देईल, नावे देणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पडद्यापुढे बसवावे, जवळ वही ठेवावी, आणि ते जे बोलतील ते लिहून घ्यावे. किंवा त्यांचे ते बोलणेच मुद्रित करावे. आम्ही तसेच केले. चाळीस पानांची वही भरली. माझ्या मते त्या घराची खरी बखर ती वही आहे. चित्रे तिला जोडलेली आहेत.

सहावी कॅसेट ‘कल्याणम्, १९८८’ ही होती. ती हातात घेतली तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या की ही राहू द्यावी. नंतर शिक्षकांनी हलक्या आवाजात सांगितले की ते लग्न अक्कांचेच. चार वर्षांत मोडले. त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. पण अडचण अशी की त्यांच्या आजीचे चालतेबोलते चित्र तेवढ्या एकाच फितीत होते. ती १९९१ साली गेली. त्या घरातली जुनी मराठी, जुनी गाणी, सणवारांची रीत, सारे तिच्यापाशी होते, आणि तिच्या हातचे एक अक्षरही कोठे लिहिलेले नव्हते. मुलांचे शिक्षण तमिळमधून आणि इंग्रजीतून. मराठी केवळ तोंडी. आजी गेली म्हणजे त्या बोलीचे एक पुस्तकच गेले, आणि त्याची उरलेली एकुलती एक प्रत ह्या कॅसेटीत. पुतण्याचे फोन येऊ लागले. त्याला आजीचा आवाज हवा होता, आपल्या मुलींना ऐकविण्यासाठी. त्याचे म्हणणे, ही वस्तू घराची आहे. अक्का काहीच म्हणत नव्हत्या, आणि त्यांचे न म्हणणेही तितकेच स्पष्ट होते.

अशा प्रसंगी कोणाचे खरे मानावे? मी सरकारी नोकर. दप्तर जपणे हे जसे आमचे कर्तव्य, तसेच गोपनीय कागद गोपनीय ठेवणे हेही. दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाच्या शिरावर असतात आणि सहसा ती एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण जपणे आणि दाखविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी अक्कांना एवढेच सांगितले. फीत जुनी झाली आहे. आणखी पाच पावसाळ्यांनी ती पाहण्याजोगी राहील असे नाही. तेव्हा नको म्हणण्याचा अधिकारही तुमच्याकडून ती बुरशीच काढून घेईल. पडदा न लावता, आवाज न काढता ती उतरवून घेता येते. ती प्रत मी कोणालाही देणार नाही, तुमच्या हाती देईन. पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मान डोलाविली.

त्या संध्याकाळी तीन तास यंत्र चालले. पडदा काळा होता. आवाजाचा काटा खालीवर होत होता, तेवढ्यावरून फीत बोलते आहे असे मी समजत होतो. शिक्षक ओट्यावर जाऊन बसले. काम झाल्यावर ती प्रत मी अक्कांना दिली, आणि त्यांनी ती कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली.

दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलाविले. दुपारच्या वेळी, घरात कोणी नसताना, त्यांनी ती एकट्याने पाहिली होती. एकदा नव्हे, अनेकदा. एका कागदावर त्यांनी वेळ टिपून ठेवली होती : एवढ्यापासून एवढ्यापर्यंत. अकरा मिनिटे. तेवढा भाग वेगळा काढून साऱ्यांना पाठवावा, बाकीचा त्यांच्यापाशी राहील.

ती अकरा मिनिटे मी पाहिली. लग्नघराची मागची पडवी आहे. व्हिडिओवाला वाट चुकून तेथे शिरला असावा. नऊवारी नेसलेली एक वृद्धा फुलांची रास पुढे घेऊन बसली आहे. दिवा डोळ्यांवर येताच ती त्या मुलाला झणझणीत तमिळमध्ये रागे भरते, आणि त्याच श्वासात मागे वळून एका नातीला मराठीत काही आणायला सांगते. वाक्यातले क्रियापद माझ्या पणजीच्या तोंडी शोभेल असे, आणि भांड्याचे नाव तमिळ. मग कॅमेरा आहे हे ती विसरते. हात चालू, आणि ओठांवर ओवीच्या चालीचे एक गाणे. मध्येच थांबून एक कडवे आठवते, पुन्हा धरते. नवरी एकदाच दिसते, पाठमोरी. आजी तिच्या वेणीत गजरा माळते.

मुहूर्त, सप्तपदी, मानपान ह्यांसाठी व्हिडिओवाल्याला पैसे दिले होते, आणि ते सारे त्याने टिपले असणारच. पण पुढच्या पिढीला जे हवे होते ते त्याने चुकून टिपले. दगडावर इतिहास कोरविणारा राजा जे सांगायचे तेच कोरवितो. फितीची गंमत अशी की कोणी सांगायचे ठरविले नव्हते तेही तिच्यात येऊन बसते. म्हणून जुन्या फितीतला ‘निरुपयोगी’ भाग कापून टाकू नये. रिकामी पंगत, अंगणातली मुले, मागे चाललेले बोलणे, भिंतीवरचे कॅलेंडर, ह्यांचे मोल आपल्याला आज कळेलच असे नाही.

अक्कांनी त्या गाण्याचे सारे शब्द वहीत लिहून दिले. आजीला मध्येच न आठवलेले कडवेही त्यांना येत होते. पुतण्याने आजीचा आवाज मागितला होता. त्याला आवाजाबरोबर आत्याचे हस्ताक्षरही मिळाले.

ह्या प्रकरणातून मला जे समजले ते असे. आजकाल एका बटणासरशी चित्र शंभर जणांकडे जाते. ही सोय मोठी आहे, पण गेलेले परत घेता येत नाही. फितीत केवळ आपण नसतो. दुसऱ्यांची दुःखे, मोडलेले संसार, अकाली गेलेली मुले असतात. ज्याला ते पाहून सर्वांत अधिक त्रास होईल त्याला आधी विचारावे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत वाट पाहावी. मात्र ही वाट फीत उतरवून झाल्यावर पाहावी, त्याआधी नव्हे.

आणि एकदा उतरविले म्हणजे झाले, असेही नाही. हार्ड डिस्क बिघडते, पेन ड्राइव्ह हरवतो, सीडीचा थर उडतो. म्हणून मूळ प्रत शक्य तितकी न दाबता, भरपूर जागा देऊन ठेवावी. डीव्ही ह्या पद्धतीने तासाला सुमारे तेरा गिगाबाइट लागतात. पाहण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या एकाच प्रकारच्या साधनावर नसाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. चार-पाच वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात, नव्या साधनावर उतरवाव्यात. मूळ कॅसेट टाकून देऊ नये. कोरड्या, थंड जागी उभी ठेवावी.

हे नवे शास्त्र आहे असे समजू नये. सरस्वती महालात ताडपत्रांच्या पोथ्या आहेत. ताडपत्र झिजते, किडा लागतो. म्हणून जुन्यावरून नवी प्रत करायची, आणि काही पिढ्यांनी तिच्यावरून आणखी नवी, अशी रीत होती. कोणा एका पोथीमुळे ग्रंथ टिकला नाही. नकला करणारे हात टिकले म्हणून ग्रंथ टिकला. राजांचा तो खाजगी संग्रह १९१८ साली सर्वांना खुला झाला. जपून ठेवलेले कधीतरी खुले व्हावे लागते. नाहीतर जपण्याला अर्थ राहत नाही.

तंजावर सोडण्यापूर्वी मी त्या घरी निरोप घ्यायला गेलो. शिक्षकांनी ती वही माझ्यापुढे धरली. पंगतीत वाढणाऱ्या त्या अनोळखी माणसापुढे आता नाव लिहिलेले होते. ती अकरा मिनिटे आणि इतर चित्रे मुंबईला एका म्हाताऱ्या मावशीकडे गेली होती; तिने फोनवर ते नाव सांगितले होते. शिक्षकांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी विसरणार नाही.

माझ्या घरी वडिलांचा ‘मंडळी’ हा एकच शब्द उरला आहे. तो मी तीन ठिकाणी जपून ठेवला आहे. तुमच्या माळ्यावर सबंध भाषण असेल. ह्या रविवारी ट्रंक खाली काढा. आणि ज्यांना त्यातले चेहरे ओळखता येतात त्यांना शेजारी बसवून घ्या.